लिहून पोट भरणाऱ्याच्या हाताशी

मराठीत लिहून पोट भरायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरीत टाइप करायची कळफलकाची मांडणी, शिकून घ्या. लॅपटॉप कुठला घ्यावा, ॲप कुठलं चांगलं, हे प्रश्न नंतरचे. रोमन अक्षरांत मराठी शब्दाचं स्पेलिंग करायचं आणि त्यातून देवनागरी उमटवायची, ही सोय चार ओळींच्या निरोपाला ठीक आहे. दिवसभर मजकूर लिहायचा असेल तर मनात मराठी वाक्य आणि बोटांत इंग्रजी स्पेलिंग ही ओढाताण माणसाला थकवते. शिवाय ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, पहिली वेलांटी की दुसरी, हे निर्णय यंत्राच्या सूचनांवर सोडायची सवय लागते. लेखकाने ती लावून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

इनस्क्रिप्ट अवघड असतं हा निव्वळ गैरसमज. ती मांडणी आपल्या वर्णमालेला धरून केलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उजव्या हाताची बोटं मधल्या रांगेवर ठेवली की त्यांच्याखाली र, क, त, च येतात. तर्जनी जराशी आत सरकवली की प. शिफ्ट दाबला की क चा ख होतो, त चा थ होतो, ल चा ळ होतो. मात्रेच्याच कळीवर शिफ्ट दाबला की पूर्ण स्वर. आणि र च्या कळीवर शिफ्ट दाबला की मिळतो खाली टिंब असलेला ऱ. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा र त्यानेच उमटतो: आधी तो ऱ, मग पाय मोडायची कळ, मग य किंवा ह. बस्स. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी छापील मजकुरांत ‘दर्‍या’च्या जागी भलताच रफार डोक्यावर घेतलेला शब्द दिसतो.

मी हे सदाशिव पेठेतल्या एका टायपिंगच्या वर्गात शिकले. आजूबाजूला सगळी सरकारी नोकरीसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट मिळवायला आलेली मुलं. सर कळफलकावर हातरुमाल टाकायचे आणि त्याखाली हात घालून ‘करत’, ‘परत’, ‘तरच’ असे शब्द लिहून घ्यायचे. पहिले काही दिवस बोटं चाचपडतात. मग एके दिवशी लक्षात येतं की आपण कळीचा विचारच करत नाही आहोत, वाक्याचा करतो आहोत. त्या दिवसापासून माझं लिहिणं बदललं असं मी म्हणेन. भारत सरकारने १९८६ साली ही मांडणी प्रमाण म्हणून ठरवली. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं. आज विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आपोआप मिळतं, फोनवरही मिळतं आणि एक पैसा लागत नाही.

नोकरीत लिहिणाऱ्या माणसाच्या पाठीशी एक अख्खं ऑफिस असतं. तिथे मुद्रितशोधक असतो, संदर्भ काढून देणारं कुणीतरी असतं, बिलं बघणारा अकाउंटंट असतो, करारावर नजर टाकणारा वकील असतो. आपण घरी बसून लिहितो तेव्हा यांतलं कुणीच नसतं. म्हणून माझ्या लेखी साधनं म्हणजे या गैरहजर माणसांची कामं करणाऱ्या गोष्टी. आणि मराठीपुरतं सांगायचं तर त्यांतल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी आपल्या आधीच, जिवापाड कष्ट करून, तयार करून ठेवल्या आहेत. इंग्रजीत ‘लेखकांसाठी उपयुक्त साधनं’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांत यातलं काहीच नसतं. त्यामुळे आपली नवी मुलं व्याकरण तपासणाऱ्या इंग्रजी सेवांची वर्गणी भरतात आणि मोल्सवर्थ उघडत नाहीत.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. दाते-कर्वे यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून पुढे खंडाखंडाने पुण्यात निघाला. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर पूर्ण आणि फुकट आहेत. शोधायच्या चौकटीत थेट देवनागरीत शब्द टाकता येतो. मला सगळ्यात आवडतं ते असं, की नुसता मूळ शब्दच नाही तर अर्थाच्या मजकुरातही शोधता येतं. म्हणजे मोल्सवर्थमध्ये विहिरीसाठीचा इंग्रजी शब्द टाकला की विहिरीशी संबंध असलेले मराठी शब्द एकापाठोपाठ एक समोर येतात.

मध्यंतरी पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी जुन्या विहिरींवर पुस्तिका लिहीत होते. मोटेचं पाणी जिथे ओततात ते थारोळं, बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव, मोटेचा जाड दोर तो नाडा, हे शब्द पुरंदरच्या एका वयस्कर शेतकऱ्याने सांगितले होते. संस्थेतल्या तरुण अधिकाऱ्याला ते कठीण वाटले, काढून टाका म्हणाला. मी दाते-कर्व्यांमधल्या नोंदी काढून त्याला पाठवल्या आणि खाली एवढंच लिहिलं की ही पुस्तिका ज्या गावांत वाटली जाणार आहे तिथल्या आजीआजोबांना हे शब्द आपल्यापेक्षा चांगले माहीत आहेत. शब्द राहिले. कोश हाताशी असला की असा वाद आवाज न चढवता जिंकता येतो.

जुन्या कोशांत अर्थातच आजचं सगळं सापडत नाही. बँक, कायदा, शेती, प्रशासन यांच्या कामासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. न्यायव्यवहार कोश, कृषिशास्त्र परिभाषा कोश, प्रशासन वाक्प्रयोग असे बरेच. तेही ऑनलाइन शोधता येतात. मात्र ते डोळे मिटून वापरू नयेत. सरकारी कागदाला जो शब्द चालतो तो बचत गटाच्या पत्रकाला चालेलच असं नाही. मुद्दल, हप्ता, तारण, जामीन, थकबाकी हे शब्द लोकांच्या तोंडात आहेत. ते असताना दुसरं काही शोधत बसायची गरज नाही. परिभाषा कोश मी उघडते तो मुख्यतः करार, नियमावली, सूचना यांच्या भाषांतराला. तिथे एका संज्ञेला सगळीकडे एकच शब्द हवा असतो आणि तो अधिकृत असलेला बरा असतो.

मराठी विश्वकोशाबद्दल तर काय सांगावं! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं हे काम. पहिला खंड १९७६ चा. आता सगळे खंड ऑनलाइन आहेत आणि नव्या नोंदींची भर पडते आहे. माझ्यासाठी विश्वकोश माहितीपेक्षाही भाषेसाठी मोलाचा आहे. ‘भूकंप’, ‘पेनिसिलीन’, ‘सहकार’ यांसारखा एखादा विषय मराठीत, आधीच्या वाक्यावर पुढचं वाक्य रचत, कसा समजावून सांगायचा हे तिथे शिकायला मिळतं. विज्ञानावर लिहायचं काम आलं की मी आधी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद मोठ्याने वाचते. आकडे जुने असू शकतात, ते दुसरीकडून ताजे करून घ्यावे लागतात. मांडणी मात्र आजही उपयोगी पडते.

शुद्धलेखनाचे नियम हा सगळ्यांच्या नावडीचा विषय आहे, पण या धंद्यात त्याला पर्याय नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एवढे अठरा नियम, छापले तर काही पानांत मावतात. ते एकदा नीट वाचले तर रोजच्या अडचणींतल्या बऱ्याच सुटतात. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’: उपान्त्य इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो हा एक नियम पक्का झाला तरी पानापानावरच्या चुका जातात. संगणकावरचे मराठी स्पेलचेक आहेत, लिबर ऑफिसमध्ये फुकट बसवता येतात. पण आपल्या भाषेत शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागत जातात आणि ‘घरासमोरच्यांनासुद्धा’सारखा शब्द यंत्राच्या यादीत बहुधा नसतो. त्यामुळे बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येत राहते. काही दिवसांनी माणूस रेघेकडे बघायचंच सोडतो, आणि मग खरी चूकही निसटते.

यावर मी दोन गोष्टी करते. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी शब्दयादी ठेवते. त्यांच्याकडे ‘ॲप’ लिहितात की ‘अॅप’, ‘वेबसाइट’ की ‘संकेतस्थळ’, आकडे देवनागरी की रोमन, संस्थेच्या नावात ‘श्री’ हवं की नको, हे सगळं एका कागदावर. काम सुरू करतानाच तो कागद त्यांना पाठवते आणि होकार घेते. दुसरं म्हणजे मजकूर फोनकडून वाचून घेते. फोनमध्ये मराठी मजकूर आवाजात वाचायची सोय असते. तो यांत्रिक आवाज भावना वगैरे काही आणत नाही आणि तेच कामाचं. दोनदा पडलेला शब्द, हरवलेलं क्रियापद, श्वास पुरणार नाही असं लांबलेलं वाक्य हे डोळ्यांना चकवून गेलेलं असतं, कानाला लगेच टोचतं.

प्रूफाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण पुण्यात छपाईचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत लिहितो. पण अनेक छापखान्यांत आणि डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवून देणाऱ्या दुकानांत अजूनही श्री-लिपीसारख्या प्रणालींतले जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. श्री-लिपी पुण्यातच तयार झालेली. जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी नीट जुळवता येत नसे, त्या काळात या फॉन्टांनी मराठी छपाई तोलून धरली, हे विसरता कामा नये. पण आपला मजकूर त्या फॉन्टात रूपांतरित होताना काही ठरावीक जागी तुटतो. आडवा र, ॲ आणि ऑ, रफार, एकेरी-दुहेरी अवतरणचिन्हं आणि क्वचित दिसणारी जोडाक्षरं. म्हणून वर्डची फाइल कितीही स्वच्छ दिली तरी शेवटची पीडीएफ पाहिल्याशिवाय मी ‘छापा’ म्हणत नाही. पीडीएफ हातात आली की आधी फक्त या जागा शोधत पानं चाळते, मग पहिल्यापासून वाचते. डीटीपीवाल्या दादांशी ओळख ठेवणं हाही कामाचाच भाग आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत अशी माणसं आहेत की ज्यांनी आयुष्यभरात जेवढं मराठी डोळ्यांखालून घातलं तेवढं प्राध्यापकांनीही घातलं नसेल. “मॅडम, पान चौदावर तिसऱ्या ओळीत काहीतरी राहिलंय,” असा त्यांचा फोन आला की मी निमूटपणे ते पान उघडते. काहीतरी राहिलेलंच असतं.

आता ग्रंथालयं. पुण्यात राहून लिहिणाऱ्याला याबाबतीत नशीबवानच म्हणायला हवं. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर, १९११ पासूनचं नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली उभं राहिलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ ची भांडारकर संस्था, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, अर्थशास्त्राचे आणि जनगणनेचे जुने अहवाल हवे असतील तर गोखले संस्थेचं गाडगीळ ग्रंथालय. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं पुराभिलेखागारात आहेत, त्यासाठी मोडी लिपी यावी लागते आणि मोडीचे वर्ग शहरात चालू असतात. सगळीकडे सगळं सहज मिळतं असं नाही. कुठे सभासदत्व लागतं, कुठे ओळखपत्र, कुठे अर्ज. पण एकदा का ग्रंथपालांना कळलं की हा माणूस खरोखर काहीतरी शोधतो आहे, की पुढची दारं तेच उघडतात.

एका कुटुंबाच्या दुकानाची स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. नदीकाठच्या पेठेतलं जुनं दुकान. घरातली सगळी मंडळी एकमुखाने सांगत होती की १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, दुकान पाण्यात गेलं, पण आठ दिवसांत आपण ते पुन्हा उघडलं. मला ती गोष्ट आवडली होती आणि तशीच लिहून टाकायचा मोहही होता. तरी जुलै-ऑगस्ट १९६१ ची वर्तमानपत्रं बघावीत म्हणून गेले. ग्रंथपालांनी बांधीव फाइल टेबलावर आणून ठेवली. पानं पिवळी, कडा ठिसूळ. उलटताना दोन्ही हात लावावे लागतात. बातम्यांपेक्षा मला छोट्या जाहिराती हव्या होत्या. पुरानंतरच्या दिवसांत अशा कितीतरी सूचना होत्या: अमुक दुकान तमुक ठिकाणी हलवलं आहे, ग्राहकांनी नोंद घ्यावी. त्यांत या दुकानाचीही निघाली. जुन्या जागी त्यांनी दुकान इतक्या लवकर उघडलंच नव्हतं. लांबच्या पेठेत एका नातेवाइकाच्या ओसरीवर त्यांनी विक्री सुरू केली होती, आणि घरातल्या आठवणीत या दोन्ही जागा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मी ती जाहिरात छायाचित्रासह स्मरणिकेत घेतली. घरच्या आजींनी ती पाहिली आणि ओसरीचं, त्या नातेवाइकांचं, रात्री कंदिलाच्या उजेडात चिखल धुतलेल्या बरण्यांचं असं भडाभडा बोलू लागल्या. त्या बोलण्याने स्मरणिकेची चार उत्तम पानं झाली. इंटरनेटवर कितीही शोधलं असतं तरी ती जाहिरात मला मिळाली नसती.

बोलून लिहिण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात: गूगलच्या कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे आणि ते बरंच सुधारलं आहे. चालताना सुचलेलं टिपायला उत्तम. मुलाखती उतरवायला मी ते वापरत नाही, कारण बोलीतले शब्द ते परस्पर प्रमाण करून टाकतं आणि बोलणारा माणूसच त्यातून निघून जातो. जुन्या छापील पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर उचलायची सोयही चांगली आहे. पान पुन्हा टाइप करण्यापेक्षा तपासणं केव्हाही सोपं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मी लांबलचक इंग्रजी अहवालाचा आराखडा काढून घेते, कुठे काय आहे हे कळावं म्हणून. त्यांनी सांगितलेली तारीख, नाव किंवा म्हण मात्र मूळ जागी जाऊन पाहिल्याशिवाय घेत नाही. आणि ग्राहकाचा गोपनीय मजकूर त्यांच्यात कधीही टाकत नाही. तो विश्वास आपण कुणाला विकायचा नसतो.

इथवर भाषेचं झालं. पण मुक्त लेखकाचं खरं अडतं ते कागदपत्रांवर आणि पैशांवर, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलणार आहे.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, हे प्रत्येक लिहिणाऱ्याने पाठ करावं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सोडलं, तर साधारणपणे आपण लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक आपण. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, मजकूर लिहिला गेला की हक्क जन्माला आला. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. तोंडी बोलण्याने हस्तांतर होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात गेलेल्या गीत-कथा-संवादांच्या पुढच्या वापराच्या मानधनातला आपला वाटा लेखकाला सोडूनही देता येत नाही. इतकी संरक्षणं असताना आपण ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ या एका ओळीवर सही करतो आणि सगळं घालवतो. ती ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि विचारा: कुठल्या माध्यमासाठी, किती वर्षांसाठी, कुठल्या भाषेसाठी? भाषांतराचा हक्क वेगळा असतो, ऑडिओबुकचा वेगळा. विचारल्यावर बहुतेक प्रकाशक ओळ बदलून देतात, हा माझा अनुभव आहे.

दिवाळी अंकांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आणि तिच्याबद्दल मला अतोनात प्रेम आहे. तरीही लेख पाठवताना मी ईमेलमध्ये या ओळी घालते: “हा लेख आपल्या यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे. अंकाच्या डिजिटल आवृत्तीतही तो घेता येईल. अन्य कोणत्याही वापरासाठी कृपया आधी विचारावं. मानधन आपल्या बोलण्यानुसार अमुक रुपये, अंक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत.” एक संपादक मला म्हणाले, “अहो, आपल्यात कशाला हे?” मी म्हटलं, “सर, मी दोन वर्षांनी विसरेन, तुम्हीही विसराल. मग आपल्यात वाद नको.” ते हसले आणि ‘मान्य’ एवढं उत्तर त्यांनी पाठवलं. तेवढंच पुरतं.

पैसे थकण्याचा अनुभव कुणाला नाही! माझेही एका कंपनीकडे थकले होते. फोन केला की संबंधित व्यक्ती मीटिंगमध्ये असायची. तेव्हा एका मैत्रिणीने उद्यम नोंदणीबद्दल सांगितलं, आणि ही गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्या लेखकाला सांगत सुटले आहे. लेखन ही सेवा आहे आणि लेखक सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यमच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद करू शकतो. आधार आणि पॅन लागतं, शुल्क शून्य. पैसे मागणारी तत्सम नावांची खासगी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नये. नोंदणी काम हाती घेण्याच्या आधी केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे.

मी नंतर अशाच एका थकलेल्या बिलासाठी तक्रार न करता आधी पत्र लिहिलं. कामाची तारीख, त्यांनी ‘मजकूर मिळाला, छान झाला आहे’ असं कळवल्याची तारीख, उद्यम क्रमांक, कायद्याचं कलम आणि आजवरचं व्याज. रागाचा एक शब्द नाही. रक्कम जमा झाली. त्यानंतर माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक असतो. नुसत्या त्या क्रमांकानेही फरक पडतो.

कराचं पटकन सांगते. एका संस्थेकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक शुल्क मिळालं की ती १० टक्के टीडीएस कापते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ३०,००० होती. कापलेला कर आपल्या नावावर जमा झाला का, हे आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावच्या विवरणात दर तिमाहीला पाहावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्या लेखकाला साहित्य, कला किंवा विज्ञानविषयक पुस्तकांच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते, ती आपल्यातल्या फार थोड्यांनी घेतलेली असते. बाकीचं सीएला विचारा. त्याची फी वसूल होते.

दर काय लावायचा, यावर कुठलंच पुस्तक नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या लेखकाकडेच मिळतं, आणि म्हणून दुसरे लेखक हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं साधन आहे. साहित्य परिषदेतला कार्यक्रम संपल्यावर टिळक रस्त्यावर चहा घेत उभं असताना जे बोलणं होतं त्यात मला पहिल्यांदा कळलं की ज्या भाषांतराला मी शब्दामागे जेवढे घेत होते, त्याच कामाला दुसऱ्याला दुप्पट मिळत होते. त्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. त्याने मागितले होते, मी मागितले नव्हते. आपण एकमेकांच्या कथेवर तासन्‌तास बोलतो, मानधनावर आलं की गप्प होतो. हे संकोच आता सोडायला हवेत. मला कुणी दर विचारला तर मी आकडा सांगते, कुठल्या ग्राहकाने वेळेवर दिले हेही सांगते. आम्ही काही जणांनी मिळून एक यादी केली आहे: कुठलं काम, किती शब्द, किती दिवस, काय मिळालं. नावं न घालता. नव्या मुलामुलींना ती देतो. त्यांनी पहिल्याच कामाला योग्य रक्कम मागावी, एवढ्यासाठी.

राहिलं एक काम, जे सगळेच पुढे ढकलतात. आपल्या लेखनाचे हक्क आपल्यानंतर साठ वर्षं टिकतात. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं साहित्य २०२६ च्या १ जानेवारीला सगळ्यांसाठी खुलं झालं. त्या साठ वर्षांत परवानगी कोण देणार? जुन्या लेखांचा संग्रह करायला निघालेल्या संपादकांना वारसांचे पत्ते शोधताना मी पाहिलं आहे. पत्ता मिळत नाही आणि चांगला लेख संग्रहाबाहेर राहतो. त्यामुळे मी एक फाइल केली आहे. काय लिहिलं, कुठे आलं, कुणाला कुठला हक्क किती वर्षांसाठी दिला, करार कुठल्या फोल्डरमध्ये, मूळ फाइली कुठल्या डिस्कवर आणि त्यांची दुसरी प्रत कुठे. हक्क कुणाकडे जावेत हे इच्छापत्रात एका ओळीत लिहिलं आहे आणि भाचीला फाइल दाखवून ठेवली आहे. पुस्तकांचं आणि भाषांतरांचं त्यात सगळं आलं. दिवाळी अंकांतल्या जुन्या लेखांची यादी अजून अपुरी आहे, काही अंक माझ्याकडेही नाहीत. ते बघायला या महिन्यात नारायण पेठेतल्या ग्रंथालयात जाणार आहे.